कुंभाराची खतावणी

(नभोवाणीवरील भाषण)



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राज्यारोहणें आणि राजपुरुषांचे मृत्यु हेच आपल्या डोळ्यांपुढें येतात. इ. स. १७७२ हें वर्ष आपणां महाराष्ट्रीयांच्या स्मरणांत आहे तें अशाच एका मृत्यूमुळें. त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत थेऊर येथें थोरले माधवराव पेशवे निवर्तले. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत, येथून हजारों कोस दूर इंग्लंडमध्यें, लांकडी पायाचा एक कुंभार आपल्या जमाखर्चाच्या वह्या पुढें ओढून बसला होता. त्यानें त्या कांहीं आठवड्यांत जें केलें त्याची नोंद कोणत्याहि बखरींत होण्यासारखी नव्हती. परंतु आंकड्यांच्या आधारें धंद्याचा निर्णय कसा घ्यावा, या विद्येच्या इतिहासांत त्या आठवड्यांस मोठें स्थान आहे. या कुंभाराचें नांव जोसाया वेजवुड. त्याच्या त्या खटपटीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

वेजवुडचा जन्म १७३० सालीं स्टॅफर्डशायर परगण्यांतील बर्स्लेम गांवीं झाला. घराणें पिढीजात कुंभाराचें. वयाच्या नवव्या वर्षीं वडील वारले. पुढें देवीच्या आजारांतून तो वांचला, परंतु उजवा गुडघा कायमचा अधू झाला. आणि १७६८ मध्यें तो पाय अखेर कापून टाकावा लागला. चाकावर बसून काम करणें अवघड, म्हणून त्याचें लक्ष माती, झिलई आणि रंग यांच्या प्रयोगांकडे लागलें. १७५९ मध्यें त्यानें आपला स्वतंत्र धंदा मांडला, आणि त्याच वर्षापासून तो प्रयोगांचीं टांचणें क्रमवार वहींत ठेवूं लागला. फसलेला प्रयोगहि तो टिपून ठेवी. ही संवय लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जी शिस्त त्यानें आधीं मातीला लाविली, तीच पुढें पैशाला लाविली.

त्या काळीं विलायतेंत उत्तम भांडीं म्हटलीं म्हणजे चीन देशांतून गलबतांनीं येणारीं. वेजवुडनें इंग्लंडांतील मातीपासूनच सायीच्या रंगाचीं, हलकीं व देखणीं भांडीं सिद्ध केलीं. १७६५ मध्यें शार्लट राणीनें त्याच्याकडून चहाचा एक संच करवून घेतला, आणि तेव्हांपासून 'राणीचीं भांडीं' या नांवानें तो माल चोहोंकडे खपूं लागला. १३ जून १७६९ रोजीं त्यानें आपला नवा कारखाना उघडला. त्यास त्यानें 'एट्रुरिया' असें नांव दिलें. ज्या प्राचीन कलशांच्या धर्तीवर त्यास शोभेच्या फुलदाण्या घडवावयाच्या होत्या, ते कलश इटलींतील एट्रुस्कन लोकांचे, अशी त्या वेळची समजूत होती. त्यावरून हें नांव पडलें.

या शोभेच्या मालांत त्याचा भागीदार होता टॉमस बेंटली. हा लिव्हरपूलचा व्यापारी. बहुश्रुत, रसिक आणि मोठमोठ्या घरीं जाणेंयेणें असलेला. रोजच्या वापराच्या भांड्यांच्या धंद्यांत मात्र बेंटलीची भागी नव्हती. तेथें वेजवुडचा एक चुलतभाऊ भागीदार होता. म्हणजे एकाच कारखान्याच्या आवारांत दोन निरनिराळ्या भागीदाऱ्या नांदत होत्या. एका भागींतला खर्च दुसरीच्या नांवें पडूं नये, यासाठीं हिशेब स्वच्छ ठेवणें प्रथमपासूनच अगत्याचें होतें.

बेंटली लंडनमध्यें दुकान पाही आणि वेजवुड एट्रुरियांत कारखाना पाही. दोघांत दीडशें मैलांचें अंतर, त्यामुळें पत्रें सतत चालत. बेंटलीचीं बहुतेक पत्रें काळाच्या उदरांत गडप झालीं. वेजवुडचीं मात्र शेंकड्यांनीं शिल्लक आहेत. दोघे मित्र एका गांवीं राहिले असते, तर आज जी हकीकत मी आपणांस सांगत आहें ती बोलण्यांतच विरून गेली असती.

१७६९ च्या सुमारास लंडनच्या बड्या लोकांस फुलदाण्यांचें अक्षरशः वेड लागलें होतें. दुकानापुढें सरदारांच्या गाड्यांची दाटी होई, आणि कितीहि माल आला तरी अपुरा पडे. गिऱ्हाईक नवें रूप मागे, आणि कारखाना तें देई. आज एक आकार, उद्यां दुसरा. एका आकाराचे थोडे नग काढले कीं सांचा बाजूस, आणि पुढच्या आकाराची तयारी. किंमत मागावी ती मिळत होती. असें असूनहि एक गोष्ट वेजवुडला सारखी बोंचत असे. विक्री वाढत चालली होती, आणि तरी रोख पैशाची टंचाई कांहीं सरत नव्हती.

भरभराटीच्या दिवसांत असला प्रश्न कोणी फार वेळ मनांत ठेवीत नाहीं. तो उत्तर मागत पुढें उभा राहतो तो पडत्या काळांत. आणि तसा काळ १७७२ च्या जून महिन्यांत आला.

त्या महिन्यांत लंडनच्या एका पेढीचा अलेक्झांडर फॉर्डाइस नांवाचा भागीदार परागंदा होऊन फ्रान्सला पळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरांचा भाव उतरेल असा सट्टा त्यानें केला होता. भाव त्याच्या अपेक्षेप्रमाणें उतरला नाहीं, आणि त्याची पेढी बुडाली. तिच्यामागोमाग स्कॉटलंडांतील एअर बँकेनेंहि पैसे देणें बंद केलें. ही बँक १७६९ सालीं निघालेली, अवघी तीन वर्षांची होती. आणि तिनें कर्जाऊ रकमा मोकळ्या हातानें वांटल्या होत्या. बघतां बघतां लंडन, एडिंबरो आणि पुढें ॲम्स्टरडॅम येथील पेढ्यांवर घबराट पसरली. हुंड्या परत येऊं लागल्या, कोणाच्या पतीचा भरंवसा कोणास उरेना. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीस सरकारापुढें हात पसरावे लागले. १७७३ सालीं तिला चौदा लाख पौंडांचें कर्ज मिळालें, आणि त्याबरोबरच तिच्यावर पार्लमेंटच्या नियंत्रणाचा कायदाहि आला. हिंदुस्थानच्या इतिहासांत आपण ज्यास 'रेग्युलेटिंग ॲक्ट' म्हणून शाळेंत शिकतों, तो हाच.

अशा दिवसांत शोभेच्या फुलदाण्या कोण घेतो? मागणी मंदावली. कोठींत मालाचा सांठा चढूं लागला. ज्यांच्याकडे येणें होतें ते देईनात. ज्यांचें देणें होतें ते थांबेनात. कारागिरांस कामावरून दूर करावें, तर वर्षानुवर्षें शिकवून तयार केलेले हात एकदां गेले म्हणजे परत येणें कठीण. त्यांस ठेवावें, तर विकल्या न जाणाऱ्या मालाचा ढीग आणखी वाढावयाचा. किंमत उतरवावी, तर आपण पदरचें घालून विकतों कीं काय ही भीति. आणि न उतरवावी, तर गिऱ्हाईक नाहीं. या चारहि वाटांपैकीं कोणती धरावी, हें ठरविण्यास वेजवुडपाशीं एकच साधन अपुरें होतें, आणि तें म्हणजे एका फुलदाणीस आपणांस खरोखर खर्च किती येतो याचें ज्ञान.

येथें आपल्यापैकीं कोणी विचारील कीं, इतका मोठा कारखानदार आणि त्यास स्वतःच्या मालाचा खर्च ठाऊक नव्हता? त्या काळीं हिशेब नव्हते काय? हिशेब होते. १४९४ सालींच व्हेनिस येथें लूका पाचोली या गणितज्ञ साधूनें आपल्या ग्रंथांत दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली होती. आपल्याकडील सावकारहि कीर्द आणि खतावणी चोख ठेवीत. परंतु या सर्व वह्यांचा मुख्य हेतु एकच होता. आपण कोणाचें किती लागतों आणि आपलें कोण किती लागतो, हें वही सांगे. वर्षअखेर ताळा पाहून एकंदर नफा झाला कीं तोटा, इतकें कळे. व्यापाऱ्यास तेवढें पुरतें. त्यानें कापडाचें ठाण दहास घेतलें आणि बारास विकलें, कीं त्याचा हिशेब उघड आहे.

कुंभाराचें तसें नाहीं. एका भट्टींत एके वेळीं शेंकडों नग भाजले जातात. त्यांतील या एका फुलदाणीच्या वांट्यास कोळसा किती आला? सांचा एकदां केला, त्यावर किती नग निघाले? कारखान्याचें भाडें, कारकुनाचा पगार, माल उचलणाऱ्या पोरांची मजुरी, भट्टींत तडकलेले आणि वाटेंत फुटलेले नग, हत्यारांची झीज, लंडनच्या दुकानाचा डामडौल, हें सर्व कोणाच्या माथीं मारावयाचें? वहींत या रकमा होत्या; परंतु त्या 'कोणास दिल्या' या सदराखालीं होत्या. 'कशासाठीं लागल्या' हें त्या सांगत नव्हत्या.

वेजवुड या कामास लागला. मातीपासून लंडनच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या हातीं नग पडेपर्यंत जें जें म्हणून खर्चाचें कलम आहे, तें त्यानें एकाखालीं एक मांडलें, आणि प्रत्येक जातीच्या फुलदाणीवर त्याचा वांटा बसविण्याचा यत्न केला. ऑगस्ट १७७२ मधील पत्रांत त्यानें बेंटलीस कळविलें आहे कीं, या हिशेबाची रीत शोधण्यांत आपण डोकें शिणवून घेतलें आहे. पहिल्या खेपेस त्याचा ताळा बसला नाहीं. प्रत्येक नगाचा जो खर्च त्यानें काढला त्यांची बेरीज, आणि प्रत्यक्ष वह्यांवरून खर्च झालेली रक्कम, यांत मोठी तफावत पडली; पैसा गेलेला दिसत होता अधिक. दुसरा एखादा मनुष्य येथेंच थांबता आणि म्हणता, 'अंदाज आहे, चालावयाचेंच.' वेजवुडनें तसें केलें नाहीं. तफावत आहे त्या अर्थीं कोठें तरी कांहीं तरी निसटतें आहे, असें मानून तो मागें लागला.

या शोधांतून ज्या गोष्टी बाहेर आल्या त्यांतील पहिली अप्रिय होती. लंडनच्या दुकानांत मुख्य कारकुनाच्या हातून अफरातफर झालेली उघडकीस आली. हिशेब अपुरे, वसुली ढिली आणि गल्ल्याचा पैसा भलत्या वाटेनें गेलेला. तेव्हां वेजवुडनें एट्रुरियाहून पीटर स्विफ्ट नांवाचा आपला विश्वासू कारकून घडी बसविण्यासाठीं लंडनला धाडला, आणि दर आठवड्यास हिशेब मिळत राहील अशी व्यवस्था केली. चोर पकडावा म्हणून त्यानें वह्या उघडल्या नव्हत्या; फुलदाणीचा खर्च काढावा म्हणून उघडल्या होत्या. परंतु वहीचें असेंच आहे. तिला नेटानें एक प्रश्न विचारला म्हणजे ती न विचारलेल्या दुसऱ्याचेंहि उत्तर देते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि आजच्या भाषणाचा गाभा तीच आहे. खर्चाचीं कलमें मांडीत असतां वेजवुडच्या ध्यानांत आलें कीं, तीं सारीं एका जातीचीं नाहींत. माती, झिलई आणि घडणावळ हीं नगांच्या संख्येबरोबर वाढतात आणि घटतात. परंतु नमुने व सांचे तयार करण्याचा खर्च, भाडें, कारकुनी आणि पुष्कळशी किरकोळ मजुरी, हीं माल थोडा काढला तरी जवळजवळ तेवढींच राहतात. घड्याळाचे कांटे जसे कोणी पाहो वा न पाहो पुढें सरकतच असतात, तसे हे खर्च चालूच असतात, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले आहेत. पहिल्यास आपण चल खर्च म्हणूं, दुसऱ्यास स्थिर खर्च.

मी जन्मभर शाळामास्तर. फळ्यावर उदाहरण मांडल्यावांचून माझें समाधान होत नाहीं. आपण कागद-पेन्सिल घेतलीत तर बरें होईल. पुढील आंकडे वेजवुडचे नव्हेत, समजुतीपुरते मीं घेतले आहेत. समजा, एका जातीच्या फुलदाणीपायीं वर्षास स्थिर खर्च ६०० शिलिंग येतो, आणि शिवाय नगामागें चल खर्च ३ शिलिंग. वर्षास १०० नग केले, तर एकूण खर्च ९०० शिलिंग, म्हणजे नगास ९. विक्री १२ शिलिंगांस होते. नफा ३०० शिलिंग. येथवर सर्व ठीक.

आतां मंदी आली आणि ५० च नग खपले. खर्च ६०० अधिक १५०, म्हणजे ७५०. नगास १५ शिलिंग पडले. विक्रीचे आले ६००. तोटा १५०. अशा वेळीं साध्या मनुष्याच्या मनांत काय येईल? तो म्हणेल, 'नगास १५ पडतात आणि मी १२ ला विकतों, हें कसें चालेल? किंमत १६ केली पाहिजे.' हिशेब सरळ दिसतो. परंतु किंमत वाढतांच गिऱ्हाईक आणखी घटणार. समजा २५ नग खपले. मग खर्च ६७५. नगास पडले २७, आणि जमा झाले अवघे ४००. तोटा २७५ झाला. आतां तो किंमत २८ करील काय? या वाटेनें गेलेला कारखानदार प्रत्येक पायरीवर आंकड्याचाच आधार घेत असतो, आणि प्रत्येक पायरीवर खालीं जात असतो.

आतां उलट पहा. किंमत ८ शिलिंगांवर आणली, आणि त्यामुळें ४०० नग खपले असें धरूं. खर्च ६०० अधिक १२००, म्हणजे १८००. नगास अवघे साडेचार. विक्रीचे आले ३२००. नफा १४०० शिलिंग. वही तीच, आंकडे तेच. नगामागील खर्च हा जणूं दगडांत कोरलेला आंकडा आहे असें समजणारा बुडाला, आणि तो नगांच्या संख्येवर अवलंबून आहे हें जाणणारा तरला.

वेजवुडचा निर्णय या दुसऱ्या वाटेचा होता. त्यानें बेंटलीस लिहिलें तें असें: प्रथम किंमत मोठी ठेवणें आवश्यक होतें, कारण त्यावांचून या वस्तु राजवाड्यांत शोभतील अशा मानल्या गेल्या नसत्या. आतां बड्या लोकांनीं त्या आपल्या दिवाणखान्यांत पुष्कळ दिवस मांडल्या आहेत. मध्यम स्थितींतील लोकांनीं त्या पाहिल्या आहेत, त्यांची वाहवा केली आहे. या वर्गांतील माणसें संख्येनें कितीतरी अधिक. तेव्हां किंमत उतरविली तर माल त्यांच्या घरीं जाईल. त्याबरोबरच, रोज नवा आकार काढण्याच्या हौसेस आळा घालून, एकच आकार मोठ्या संख्येनें काढण्याकडे त्याचा कल झाला. कारण प्रत्येक नवा सांचा म्हणजे स्थिर खर्चाची नवी भर, हें आतां त्यास आंकड्यांत दिसत होतें. राजवाड्यांतील शोभेची वस्तु वकिलाच्या, वैद्याच्या आणि दुकानदाराच्या घरीं पोंचली, त्यामागें अभिरुचि आणि नव्या युगाची हवा हीं होतींच. परंतु एका कुंभाराची बेरीज-वजाबाकीहि होती.

येथें दोन गोष्टी सांगितल्या नाहींत तर चित्र एकांगी होईल. पहिली ही कीं, खर्चाचा हिशेब अर्धेंच सांगतो. ८ शिलिंगांस ४०० नग खपतील हें माझ्या उदाहरणांत मीं गृहीत धरलें. वेजवुडला तें गृहीत धरून चालण्यासारखें नव्हतें. मध्यम वर्ग खरोखर माल घेईल कीं नाहीं, हें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नव्हतें. त्यासाठीं माणसांची पारख लागते, ती बेंटलीपाशीं होती. पुढें रशियाच्या कॅथरिन राणीनें नऊशेंहून अधिक नगांचा एक भोजनसंच मागविला आणि प्रत्येक नगावर इंग्लंडांतील देखावे रंगविण्यास सांगितलें. तें काम १७७४ मध्यें पुरें झालें. त्यांत नफा जवळजवळ उरला नाहीं. पण रवाना करण्यापूर्वीं तो संच लंडनमध्यें मांडून ठेवला, तेव्हां खुद्द राणी शार्लट आणि सारें प्रतिष्ठित लंडन तो पाहण्यास लोटलें. केवळ त्या एका कामाचा जमाखर्च पाहिला असता, तर तें नाकारणेंच योग्य ठरलें असतें. हिशेब जाणणाऱ्यानेंच तें पत्करलें, कारण त्यांत आपण काय गमावतों आणि काय कमावतों, हें त्यास कळत होतें.

दुसरी गोष्ट माणुसकीची आहे. मोठ्या संख्येनें एकच नग घडवूं लागलें म्हणजे कारागिराचा हात बसतो, आणि मग नगामागील घडणावळ कमी करतां येते, हेंहि वेजवुडच्या हिशेबांत होतें. काम कायम मिळेल, तेव्हां दर थोडा कमी चालेल, असा त्याचा युक्तिवाद. कारखानदाराच्या बाजूनें तो खोटा नाहीं. परंतु कारखान्याच्या वहींत 'मजुरी' म्हणून खर्चाच्या बाजूस पडणारी रक्कम कोणाच्या तरी घरांत जमेच्या बाजूस पडत असते, आणि ती दुसरी वही कारखानदारापुढें कधींच उघडली जात नाहीं. १७८३ सालीं धान्य अतोनात महाग झालें, तेव्हां एट्रुरियाच्या कालव्यावर भुकेल्या जमावानें अन्नसामुग्रीची एक नाव अडवून लुटली. सैन्य आणावें लागलें, आणि एका माणसास फांशीं दिलें गेलें. वेजवुडनें त्यानंतर तरुणांस उद्देशून उपदेशपर पत्रक छापलें; त्यांत त्यानें आपल्या परगण्यांत झालेली प्रगति वर्णिली आहे. प्रगति खरी होती आणि भूकहि खरी होती. दोन्ही एका ताळेबंदांत मांडण्याची रीत अद्यापि कोणास पूर्णपणें साधलेली नाहीं.

या प्रकरणाविषयीं इतिहासकारांत वाद झालेला आहे. १९६५ सालीं सिडनी पोलार्ड या विद्वानानें असें प्रतिपादन केलें कीं, औद्योगिक क्रांतीच्या आरंभीच्या कारखानदारांनीं निर्णय घेण्यासाठीं हिशेबाचा फारसा उपयोग केलाच नाहीं. १९७० मध्यें नील मॅकेन्ड्रिक यांनीं वेजवुडचीं पत्रें व वह्या धुंडाळून हें उदाहरण पुढें मांडलें. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. वेजवुड हा अपवाद होता. त्याच्या काळचे बहुतेक कारखानदार अंदाजानेंच चालत. आणि अंदाजानें चालूनहि ते श्रीमंत होत, कारण नवीन यंत्रांचा आणि नवीन बाजारपेठांचा नफा इतका भरघोस होता कीं चुका त्याखालीं झांकून जात. वेजवुडनेंहि भरभराटीच्या वर्षांत हा हिशेब केला नव्हता, हें विसरून चालणार नाहीं. नदीला पूर असतांना पात्रांतील खडक दिसत नाहींत. पाणी ओसरलें म्हणजे दिसूं लागतात. १७७२ च्या मंदीनें पुष्कळांचें पाणी ओसरलें. खडक मोजण्यास मात्र फार थोडे बसले.

बेंटली १७८० मध्यें वारला. वेजवुडचें देहावसान ३ जानेवारी १७९५ रोजीं झालें. त्या वेळीं त्याची मालमत्ता सुमारें पांच लाख पौंडांची होती असें सांगतात. त्याची मुलगी सुसाना डार्विन घराण्यांत दिली होती. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन हा तिचाच पुत्र. वेजवुडचा कारखाना त्याच्यामागें दोनशें वर्षांहून अधिक काळ चालला. १९८६ मध्यें वॉटरफर्ड या आयरिश कांचकारखान्यानें तो विकत घेतला. आणि जानेवारी २००९ मध्यें ती जोडकंपनी कर्जाच्या भारानें कोसळली. नांव पुढें दुसऱ्या मालकांकडे गेलें आणि त्या नांवाचा माल अजूनहि निघतो. परंतु ज्याच्या संस्थापकानें खर्चाचीं कलमें इतक्या बारकाईनें वेगळीं केलीं, त्याच घराण्याच्या धंद्यावर हा प्रसंग यावा, हें ऐकून मन चरकतें. हिशेब ही वारशानें मिळणारी इस्टेट नव्हे. एका पिढीनें मांडलेलें गणित दुसऱ्या पिढीस उपयोगी पडत नाहीं. भाव बदलतात, गिऱ्हाईक बदलतें, आणि काल जो चल खर्च होता तो आज स्थिर होऊन बसतो.

आपणांपैकीं बहुतेकांचे कारखाने नसतील. परंतु घरसंसार आहे, एखादें दुकान असेल, छापखाना असेल, एखाद्या शाळेच्या वा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आपण असाल. तेथें वर्षअखेर ताळेबंद वाचला जातो, तूट दिसते, आणि कोणी तरी उठून म्हणतो, 'वर्गणी वाढवा.' अशा वेळीं मत देण्यापूर्वीं वहीला दोन प्रश्न अवश्य विचारावे. सभासद निम्मे झाले तर यांतील कोणता खर्च निम्मा होईल? आणि सभासद दुप्पट झाले तर कोणता खर्च जेथल्या तेथें राहील? हीं दोन उत्तरें कागदावर मांडलीं म्हणजे वर्गणी वाढवावी कीं उतरवावी, याची चर्चा निराळ्याच पायावर सुरू होते. उत्तर प्रत्येक ठिकाणीं वेगळें येईल. वेजवुडनें किंमत उतरविली म्हणून सर्वांनींच उतरवावी, असें मुळींच नाहीं. त्यानें आधीं आंकडे वेगळे केले, ताळा न बसतांहि नाद सोडला नाहीं, आणि मग निर्णय घेतला. एवढाच क्रम त्याच्यापासून घेण्यासारखा आहे, आणि त्यास लागणारें गणित मराठी चौथीच्या पलीकडचें नाहीं.